लाटेला कूस दाखवू नये

शीड, वारा, पाणी : लेखांक ९

वारा वाढला की शीड आखूड कसं करायचं, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. त्यावर अलिबागहून एका वाचकानं विचारलंय, ‘एवढी यातायात करण्यापेक्षा नांगर टाकावा, दारं लावून घ्यावीत आणि वादळ जाईपर्यंत आत पडून राहावं. हे का जमत नाही?’ प्रश्न भाबडा वाटेल, पण तसा तो नाही. वादळात लहान होडीनं काय करावं यावर दर्यावर्दी अजूनही हमरीतुमरीवर येतात, ते जवळजवळ याच प्रश्नावरून. तूर्त अर्धं उत्तर देतो. भर महासागरात तळ तीन-चार हजार मीटर खाली असतो आणि तेवढी साखळी दहा मीटरच्या होडीत मावत नाही. उरलेलं अर्धं शेवटी.

वाईट लाट कोणती?

किनाऱ्यावरून वादळ पाहणाऱ्याला वाऱ्याची धडकी भरते. ती अस्थानी नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. २० नॉटच्या वाऱ्यात मजेत पळणाऱ्या होडीच्या त्याच शिडावर ४० नॉटला चौपट भार येतो. पण वाऱ्यावर उतारा आहे. शीड आखूड करा, आणखी आखूड करा, शेवटी पार उतरवून बांधून टाका. मग वाऱ्याच्या हाती डोलकाठी आणि दोर एवढंच उरतं. लाटेवर असा उतारा नाही. ती येणारच.

मात्र मोठी लाट म्हणजे वाईट लाट, असं समीकरण नाही. दक्षिण महासागरात वाऱ्याच्या वाटेत जमीनच आडवी येत नाही, त्यामुळे तिथे दहा मीटर उंचीच्या लाटाही उठतात. दोन माथ्यांमधलं अंतर ऐसपैस असेल तर होडी त्यांवरून करवंटीसारखी चढते आणि उतरते. पोटात ढवळतं, पण धोका नसतो. लाटेची उंची वाढत गेली आणि त्या मानानं लांबी वाढली नाही, की ती उभी होऊ लागते. उंची लांबीच्या साधारण सातव्या हिश्शापर्यंत गेली की माथ्याचा तोल जातो आणि लाट फुटते. तोवर जागच्या जागी वरखाली होणारं पाणी आता पुढे कोसळतं. समुद्राचं एक घनमीटर पाणी एक टनाहून जड असतं, हे लक्षात घेतलं की पुढचं सांगायला नको. वाऱ्याच्या विरुद्ध प्रवाह वाहत असेल, तळ एकदम उथळ होत असेल किंवा वाऱ्यानं दिशा बदलून जुन्या लाटांवर नव्या लाटा आडव्या चढवल्या असतील, तिथे फुटणाऱ्या लाटा हटकून भेटतात. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगतचा अगुल्हास प्रवाह बदनाम आहे तो यामुळेच.

१९७९च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडहून निघून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालणाऱ्या शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. १३ तारखेच्या रात्री वादळानं त्यांना गाठलं. १५ स्पर्धक दगावले, २४ नौका माणसांनी सोडून दिल्या. त्यानंतर साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या पाण्याच्या टाकीत छोट्या नमुन्यांवर प्रयोग झाले. त्यांतून एक ठोकताळा हाती आला. होडीच्या लांबीच्या ३० टक्के उंचीची लाट कुशीवर फुटली तर होडी उलटू शकते. ६० टक्के उंचीची असेल तर जवळपास कुठलीही होडी उलटते. म्हणजे दहा मीटरच्या होडीला घराच्या मजल्याएवढी, तीन मीटरची लाट पुरते.

या ठोकताळ्यातला कळीचा शब्द ‘कुशीवर’ हा आहे. लाकडाचा ओंडका एकट्याला आडवा लोळवता येतो. तोच टोकावरून उलथायला चार माणसं लागतात. होडीचंही तसंच. म्हणून वादळातल्या साऱ्या युक्त्या एकाच गोष्टीसाठी आहेत: फुटणाऱ्या लाटेला नाळ (होडीचं पुढचं टोक) दाखवा, पिछाडी दाखवा, कूस दाखवू नका. नाळ दाखवायची तर होडी थांबवावी लागते. पिछाडी दाखवायची तर पळावं लागतं.

थांबण्याची कला

थांबण्याच्या पहिल्या प्रकाराला खलाशी ‘हीव्ह टू’ म्हणतात. मोठं शीड आखूड करून आत ओढून घ्यायचं. पुढचं लहान शीड मुद्दाम उलट्या, म्हणजे वाऱ्याकडच्या बाजूला ताणायचं. सुकाणू अशा बेतानं बांधून टाकायचं की होडी वाऱ्याकडे वळू पाहील. उलटं शीड नाळेला वाऱ्यापासून दूर ढकलतं, मोठं शीड आणि सुकाणू तिला वाऱ्याकडे आणतात. या ओढाताणीत होडी वाऱ्याशी चाळीस-पन्नास अंशांचा कोन धरून जवळपास उभी राहते आणि तासाला एक-दोन सागरी मैल तिरपी मागे सरकत जाते. सरकताना वाऱ्याकडच्या बाजूला पाण्यावर गुळगुळीत, घुसळलेला पट्टा उमटतो. येणाऱ्या लाटांचा जोर त्या पट्ट्यात काहीसा मोडतो, असा जुन्या जाणत्यांचा अनुभव आहे.

पहिल्यांदा हे करणाऱ्याला नवल वाटतं ते शांततेचं. एक क्षणापूर्वी आदळत-आपटत चाललेली होडी एकदम मवाळ होते. चहा उकळता येतो, ओले कपडे बदलता येतात, तासभर डोळा लागतो. थकलेला माणूसच चुकतो, त्यामुळे ही विश्रांती चैनीची नसते. लांबलचक कण्याच्या जुन्या घडणीच्या होड्या अशा सुरेख उभ्या राहतात. हलक्या, अरुंद कण्याच्या आधुनिक होड्यांची नाळ मात्र सारखी भरकटते. त्यांच्यासाठी दुसरा उपाय म्हणजे नाळेवरून लांब दोराला बांधून पाण्यात छत्री सोडायची, अगदी हवाई छत्रीसारखी. छत्री पाण्यात फुगते, तिथेच अडून बसते आणि नाळ लाटेकडे धरून ठेवते. यात बारीक लक्ष द्यायचं ते दोराकडे. रात्रभर एकाच जागी घासून मनगटाएवढा दोरही तुटतो. म्हणून घासण्याच्या जागी रबरी नळी चढवतात आणि मधूनमधून हातभर दोर सोडून घासण्याची जागा बदलतात.

पळताना आवरणं

वारा पाठीशी घेऊन पळणं सोपं वाटतं. वाऱ्याचा भासणारा जोर कमी होतो, होडी जायचं तिकडेच जाते. धोका वेगात आहे. लाटेच्या उतारावरून होडी घसरगुंडीसारखी सुटते, पायथ्याशी नाळ पाण्यात रुतते आणि पिछाडी मागून पुढे येऊ पाहते. बहुतेक वेळा होडी गर्रकन वळून आडवी होते, म्हणजे नको तेव्हा नको ती कूस उघडी पडते. क्वचित ती नाळेवरून कोलांटीच खाते.

ब्रिटिश काळात हिंदुस्थानी सैन्यात अधिकारी असलेले माइल्स स्मीटन आणि त्यांची पत्नी बेरिल यांनी या दोन्ही तऱ्हा एकाच वर्षात सोसल्या. १९५७च्या फेब्रुवारीत केप हॉर्नकडे जाताना त्यांची ‘त्झू हांग’ पाठीमागून आलेल्या लाटेनं नाळेवरून उलथली. डोलकाठ्या गेल्या, बेरिल पाण्यात फेकल्या गेल्या. त्यांना वर ओढून घेतलं, मोडकी होडी चिलीच्या किनाऱ्याला लावली, दुरुस्त केली आणि डिसेंबरात पुन्हा निघाले. या वेळी वादळात शिडं उतरवून होडी तशीच लाटांवर सोडून दिली. तशी सोडलेली होडी आपसूक आडवी होते. झालंही तेच, आणि लाटेनं तिला कुशीवरून गरागरा फिरवलं. होडी पुन्हा तरली, तीही पुन्हा डोलकाठ्यांविना.

पळायचं तर वेगाला लगाम हवा. जुना लगाम म्हणजे पिछाडीवरून जाड, लांब दोर पाण्यात ओढत नेणं. फास्टनेटच्या दुर्घटनेनंतर डॉन जॉर्डन या अमेरिकी अभियंत्यानं तोच विचार पुढे नेला. एका लांब दोरावर कापडाचे शंभरावर छोटे शंकू ओवायचे आणि टोकाला वजन बांधायचं. लाट कुठूनही येवो, त्यातले बरेच शंकू शांत पाण्यात असतात आणि पिछाडी लाटेकडे ओढून धरतात.

यावर उलटं मत फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मोआतेसिए यांचं. १९६५-६६मध्ये ताहितीहून केप हॉर्नमार्गे युरोपला परतताना त्यांनीही दोर सोडले होते. पण दोरांनी जखडलेली ‘जोशुआ’ सुकाणूला दाद देईना. अखेर त्यांनी चाकूनं दोर कापले, होडी मोकळी सोडली आणि प्रत्येक लाट पंधरा-वीस अंशांच्या तिरप्या कोनात घेत पळाले. ते वाचले. पण त्यासाठी सुकाणूवर तासन् तास जागा, तरबेज माणूस लागतो. दोघांच्या कुटुंबानं तिसऱ्या रात्री मोआतेसिएंची नक्कल करू नये. शंकूंची माळ झोपत नाही.

जमीन नावाचा शत्रू

वादळ दिसलं की मन बंदराकडे धावतं. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल तर हा ओढा जीवघेणा ठरतो. कोकणातल्या कितीतरी खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो. एरवी ज्यावरून होड्या सहज आत येतात, तिथेच उधाणाच्या लाटा उथळ पाण्यात उभ्या होऊन फुटतात. मघाचा सातव्या हिश्शाचा नियम आठवा. वर सांगितलेल्या प्रत्येक युक्तीत होडी वाऱ्याच्या दिशेनं थोडीफार सरकतेच. तासाला दीड सागरी मैल म्हटलं तरी दिवसाला ३६. तेवढं मोकळं पाणी वाऱ्याखाली नसेल, तर युक्ती उत्तम असून उपयोग नाही. म्हणून वेळ असेल तर किनाऱ्यापासून दूर जायचं, हे जमिनीवर वाढलेल्या माणसाला सर्वांत जड जाणारं काम.

‘वेळ असेल तर’ हेही महत्त्वाचं. मुंबई बंदरात शिकत असताना मे अखेरच्या एका दुपारी वायव्येला ढग काळवंडलेले दिसत होते. शीड आखूड करावं असं मनात आलं आणि मी म्हणालो, पाच मिनिटं बघू. दहाव्या मिनिटाला दोघांच्या चार हातांना ते शीड खाली येईना. आता मनात पहिल्यांदा विचार आला की मी लगेच उठतो. दारं घट्ट करणं, सुटं सामान बांधणं, थर्मासमध्ये गरम पेज भरून ठेवणं, अंगावरचा पट्टा होडीला अडकवणं ही कामं स्वच्छ आभाळाखाली दहा मिनिटांची, अंधारात दोन तासांची.

होडी सोडू नये

फास्टनेटला सोडून दिलेल्या २४ नौकांपैकी पाचच बुडाल्या. १९ नंतर तरंगताना सापडल्या. उलट होडी सोडून रबरी तराफ्यात उतरलेल्यांपैकी काहींचे तराफे उलटले, फाटले आणि माणसं गेली. तेव्हापासून जाणते सांगतात, तराफ्यात शिरताना पाऊल वर टाकावं लागलं पाहिजे. म्हणजे होडी खरोखर पायाखालून जात असेल तरच.

आपले दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांचंच उदाहरण घ्या. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात त्यांची ‘थुरिया’ उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार लागला. धड हालताही येत नव्हतं. पण गोव्यात बांधलेली ती होडी तरंगत राहिली. २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजानं त्यांना उचललं, तोवर तिनं त्यांना पाण्याबाहेर ठेवलं.

‘थुरिया’ ज्या होडीची प्रतिकृती होती ती ‘सुहैली’ मुंबईत सागवानात बांधलेली, अवघी ३२ फुटांची. ती घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ला इंग्लंडहून निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला कुठेही न थांबता, एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले ठरले. दक्षिण महासागरातल्या वादळांत ते एका जाड दोराची दोन्ही टोकं होडीला बांधून त्याचा लांब फास पिछाडीमागे सोडून देत आणि आत जाऊन झोपत.

तेव्हा अलिबागच्या वाचकांना उरलेलं अर्धं उत्तर असं: वादळात नांगर टाकतात. फक्त तो तळ धरत नाही, पाणी धरतो. छत्री, शंकूंची माळ, जाड दोराचा फास, ही सगळी त्याचीच रूपं. दारं लावून आत पडून राहणं हेही बरोबरच. चूक एवढीच की हे सगळं वादळ येण्याआधी करायचं असतं. आणि त्यात आपल्या कोळीवाड्यांइतकं वेळेचं भान क्वचितच कुणाला असेल. परंपरेनं पाऊस लागायच्या आत होड्या ओढून घेतल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच पुन्हा पाण्याला लागतात. खवळलेल्या दर्याला त्या कूस दाखवतच नाहीत.

*पुढच्या आठवड्यात : डोलकाठी मोडली, किनारा हजार मैलांवर. उरलेल्या लाकूडफाट्यावर स्मीटन मंडळींनी चिली कसं गाठलं?*