वर्गात जागा मिळाली, सोबती मिळाले काय?

मे महिन्यातील एका रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर, एक माता आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन धर्मग्राम कार्यालयात आली. मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. पहिलीपासून सातवीपर्यंत तो परिसरातील एका शाळेत नियमितपणे जात होता. आता आठवीचा अभ्यास त्याला झेपणार नाही, तेव्हा त्याला विशेष शाळेत घालावे, असे शाळेने सुचविले होते.

"फादर, प्रवेशासाठी मी धडपड करीन," ती म्हणाली, "पण माझी काळजी वेगळीच आहे. गेलं वर्षभर मधल्या सुट्टीत त्याच्याबरोबर कोणीच डबा खायला बसलं नाही. तो एकटाच खातो आणि घरी येऊन मला सांगतो, आज सगळे माझ्याजवळ बसले होते."

आपण बोलत असताना मुलगा भिंतीवरील दिनदर्शिकेत स्वतःचा वाढदिवस शोधत होता. तो त्याला सापडलाही.

प्रवेशाचा प्रश्न कायद्याच्या आधारे सोडविता येतो. डब्याचा प्रश्न मात्र माणसांनीच सोडवावा लागतो. या दोन्ही प्रश्नांचा विचार एकत्र व्हावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

दोष कोणाचाही नाही

डाऊन सिंड्रोम हा रोग नव्हे. तो संसर्गाने होत नाही, आणि आईवडिलांच्या कोणत्याही चुकीमुळेही होत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत सर्वसाधारणपणे ४६ गुणसूत्रे असतात. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन वेळा येते. म्हणूनच २१ मार्च, म्हणजे तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख, हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळला जातो. २०१२ पासून संयुक्त राष्ट्रसंघही तो पाळतो. इंग्रज डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली या अवस्थेचे वर्णन केले. तिचे कारण मात्र १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लेज्युन, मार्त गोतिये व रेमों त्युर्पाँ यांच्या संशोधनातून प्रसिद्ध झाले. यांपैकी डॉ. लेज्युन हे श्रद्धावान कॅथलिक होते. अशा बालकांच्या जगण्याच्या हक्कासाठी ते अखेरपर्यंत झटले. २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'आदरणीय' घोषित केले.

अमेरिकेत १९८३ साली डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होते. आज ते ६० वर्षांच्या घरात आहे. हृदयावरील शस्त्रक्रिया आणि वेळीच मिळणारे उपचार हे त्यामागील एक मोठे कारण आहे. याचाच अर्थ असा की हे बालक प्रौढ होणार आहे, आणि त्या प्रौढपणाची तयारी किशोरवयातच करावयास हवी.

शरीर वाढते, मनही वाढते

अनेक घरांत अशा मुलाला विसाव्या वर्षीही 'आमचं बाळ' म्हणूनच वागविले जाते. त्यामागे माया असते, हे खरे. तथापि तारुण्याची चाहूल या मुलांना साधारणपणे इतरांप्रमाणेच, त्याच वयात लागते. त्यालाही एकांत हवासा वाटतो, कोणी आवडू लागते, भावाला मिळते तेवढी मोकळीक आपल्यालाही मिळावी असे वाटते. शरीरातील बदल, मासिक पाळी, दार लावून कपडे बदलणे, कोणाचा स्पर्श योग्य व कोणाचा अयोग्य, 'नको' कसे म्हणावे, या गोष्टी त्याला साध्या शब्दांत, चित्रांच्या साहाय्याने, पुन्हा पुन्हा शिकवाव्या लागतात. केवळ लाजेमुळे हे शिक्षण टाळणे म्हणजे त्याला असुरक्षित ठेवणे होय.

वागण्यात एकाएकी बदल झाला तर त्यास लगेच हट्ट म्हणू नये. थायरॉइडची कमतरता, कमी ऐकू येणे, दृष्टिदोष, झोपेत श्वास अडखळणे या तक्रारी डाऊन सिंड्रोममध्ये अधिक प्रमाणात आढळतात. उत्साही मूल गप्प झाले, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. नैराश्य आहे काय, हेही पाहावे. याउलट, अनेक मुले एकटी असताना स्वतःशीच मोठ्याने बोलतात. ते बहुधा वेडाचे लक्षण नसते. दिवसभरात घडलेल्या गोष्टींची ती उजळणी असते. त्या मातेने सांगितलेले मुलाचे बोलणेही मला तसेच वाटते: जे घडावे असे त्याला वाटत होते, तेच तो बोलून दाखवीत होता.

कायदा काय सांगतो?

भारताने २००७ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रसंघाचा करार मान्य केला. त्यानुसार दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ अस्तित्वात आला. निदान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत, अथवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. निवड कुटुंबाची आहे, हे येथे लक्षात घ्यावे. विशेष शाळा हा कमीपणा नव्हे. काही मुलांना तीच मानवते. मात्र ती निवडायची की नाही, हे कुटुंबाने ठरवायचे आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. त्यावरून 'आम्हांला बंधन नाही' असा समज काही ठिकाणी आढळतो. परंतु २०१६ च्या कायद्याचे कलम १६ शासनाने अनुदान वा मान्यता दिलेल्या सर्वच शिक्षणसंस्थांविषयी बोलते. भेदभाव न करता प्रवेश, गरजेनुसार सोयीसवलती आणि खेळ व करमणुकीत समान संधी, या गोष्टींचा त्यात उल्लेख आहे. खेळ व करमणूक हे शब्द महत्त्वाचे आहेत. वर्गात बसलेल्या पण खेळात न घेतलेल्या मुलाचा समावेश झाला, असे म्हणता येत नाही.

वर्गात काय करता येईल?

डाऊन सिंड्रोम असलेले मूल बोलते त्यापेक्षा त्याला समजते अधिक. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले त्याच्या लक्षात चांगले राहते. म्हणून सूचना छोटी असावी, सोबत चित्र अथवा लिहिलेला शब्द असावा, आणि उत्तरासाठी त्याला थोडा अवधी द्यावा. आपण घाईने दुसरा प्रश्न विचारतो, तेव्हा पहिल्याचे उत्तर त्याच्या ओठांवर आलेले असते.

विषय तोच ठेवून पातळी बदलता येते. वर्ग शेकडेवारी शिकत असताना हा मुलगा पन्नास रुपयांच्या नोटेतून पाव आणल्यावर किती पैसे परत मिळावेत हे शिकेल. दोघेही गणितच शिकत आहेत. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्गही खुला आहे. तेथे पाच वर्षांच्या मुदतीत विषय टप्प्याटप्प्याने सोडविता येतात.

मदतनीस शिक्षिका असल्यास उत्तम. पण ती सतत त्याच्या शेजारी बसून राहिली तर सहअध्यायी जवळ येत नाहीत. तिने अधूनमधून दूर व्हावे. मधल्या सुट्टीत आळीपाळीने दोघेतिघे त्याच्यासोबत बसतील, अशी योजना वर्गशिक्षिकेने करावी. सहलीला त्याला न्यावे. स्नेहसंमेलनात केवळ टाळ्या मिळविण्यासाठी त्याला रंगमंचावर उभे करू नये. पडदा ओढणे, खुर्च्या मांडणे अशी खरी जबाबदारी द्यावी. जेथे एखाद्याच्या वाचून काम अडते, तेथेच त्याची उणीव भासते.

धर्मग्रामाचे उत्तरदायित्व

पक्षाघाती मनुष्याला प्रभूजवळ नेणाऱ्या चौघांची कथा आपणांस ठाऊक आहे. दारातील गर्दी दुष्ट नव्हती; तिने फक्त वाट दिली नाही. चौघांनी मात्र छप्पर उघडले. आपल्या शाळा व धर्मशिक्षणाचे वर्ग यांपैकी कोणाच्या बाजूस आहेत, हे आपण स्वतःला विचारावयास हवे.

'याला काय कळणार?' असे म्हणून प्रथम ख्रिस्तप्रसाद वा दृढीकरण पुढे ढकलले जाते. संत दहावे पायस यांनी १९१० सालीच स्पष्ट केले होते की साधी भाकर व ख्रिस्तप्रसाद यांतील भेद बालकाला ओळखता आला पाहिजे; पूर्ण ज्ञानाची अट नाही. २०२० च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेनेही दिव्यांग व्यक्तींना संस्कार नाकारता येत नाहीत, असे बजावले आहे. वेदीसेवक, गायनवृंद, युवा संघ येथेही त्यांना स्थान हवे.

आमच्यानंतर काय?

हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात असतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ अन्वये अठरा वर्षांनंतर बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीमार्फत पालक नेमून घेता येतो. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र वेळीच काढून ठेवावे. परंतु कागदपत्रांइतकीच ओळखीची माणसेही लागतात. ज्यांनी शाळेत त्याच्यासोबत डबा खाल्ला, तेच उद्या त्याला बाजारात नावाने हाक मारतील, आणि तो वाट चुकला तर घरी आणून सोडतील.

त्या मातेला मी मुख्याध्यापिकांच्या नावे पत्र दिले आणि कायद्याच्या दोन्ही कलमांची प्रत सोबत जोडली. जूनमध्ये शाळा उघडतील. वाचकहो, आपल्या मुलाच्या वर्गात असा एखादा सहअध्यायी असेल, तर पहिल्याच दिवशी त्याच्या डब्यात एक पोळी जास्त घाला. आणि ती कोणाबरोबर खायची, हेही त्याला सांगा.