पणाला किती लावावें?

बोरिवलीच्या पश्चिमेस गोराईची खाडी आहे आणि खाडीपलीकडे गोराई गांव आहे. भरतीच्या वेळीं या खाडींतून होड्या सुखानें ये-जा करतात. ओहोटी लागली, कीं चिखल उघडा पडतो. तेथला कोळी नाखवा समुद्रावर निघतांना आज मासळी किती मिळेल एवढाच विचार करीत नाहीं. वारा फिरला, तर परत येतां येईल काय, हें तो आधीं पाहतो. पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण केल्यावर त्या पुन्हां पाण्यांत लोटण्याची रीत आहे. मधल्या दिवसांची कमाई जाते, पण होडी वांचते. आणि होडी वांचली, तर पुढच्या हंगामाची कमाई शक्य होते.

आज मी ज्या व्यापाराविषयीं बोलणार आहें, त्याचें सारें रहस्य या एका गोष्टींत आहे. तो व्यापार म्हणजे परकीय चलनांचा. खिशांतल्या फोनवर डॉलर आणि पौंड यांचे भाव क्षणाक्षणाला नाचतांना दिसतात, आणि घरबसल्या श्रीमंत होण्याचें आमिष दाखविणाऱ्या जाहिराती तरुणांच्या डोळ्यांपुढें येतात. त्या पाहून बहुतेक माणसें एकच प्रश्न विचारतात : भाव चढेल कीं उतरेल? खरा प्रश्न निराळा आहे. माझा अंदाज चुकला, तर माझें किती जाईल?

हा प्रश्न न विचारल्यामुळें मुंबई एकदां बुडाली होती. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरांत नव्या बँका, नव्या मंडळ्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या. बॅकबे भरणीच्या मंडळीचा पांच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांच्या घरांत गेला. लोकांनीं उसन्या पैशांनीं आणि पुढच्या तारखेच्या वायद्यांनीं भाग घेतले. १८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्यांचा हिशेब चुकता करण्याची वेळ येतांच पैसे कोणापाशींच निघेनात. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर पोंचलेला भाग पुढें ८७ रुपयांना विकला गेला. ज्यांच्या देणगींतून राजाबाई मनोरा उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंदहि या लाटेंतून सुटले नाहींत.

या लोकांपाशीं बुद्धि नव्हती असें नाहीं. त्यांच्या चुका दोन होत्या. पहिली, आपल्या ऐपतीच्या कित्येक पट व्यवहार त्यांनीं अंगावर घेतला. दुसरी, बँक, भरणी आणि पेढी अशा निरनिराळ्या नांवांचे भाग घेऊन आपण पैसा विभागला आहे, अशी त्यांनीं समजूत करून घेतली. वस्तुतः त्या सर्वांचें मूळ एकाच कापसाच्या गांठोड्यांत होतें. आजहि जो एकाच वेळीं पौंड आणि युरो हीं दोन्ही डॉलरविरुद्ध खरेदी करतो, तो दोन होड्यांत बसला आहे असें त्याला वाटतें. पण पुष्कळदां वारा दोहोंना एकच असतो.

आतां मापाचा हिशेब पाहूं. आपल्या देशांत शेअरबाजारांतील डॉलरचा वायदा २००८ सालीं सुरू झाला. एक करार एक हजार डॉलरांचा असतो. भाव एक पैसा हलला, कीं एका करारामागें दहा रुपयांचा फरक पडतो. समजा, एखाद्याचें भांडवल एक लाख रुपये आहे आणि एका व्यवहारांत शेंकडा एक, म्हणजे एक हजार रुपयांपेक्षां अधिक गमवावयाचें नाहीं असा त्याचा निश्चय आहे. भाव पन्नास पैसे उलटा गेला, तर बाहेर पडावें असें त्यानें आधींच ठरविलें. तेव्हां एका करारामागें तोटा पांचशें रुपये; म्हणून त्यानें दोनच करार करावेत. मर्यादा पंचवीस पैशांची असेल, तर चार; एक रुपयाची असेल, तर एकच. दोन रुपयांची लागत असेल, तर तो व्यवहार त्यानें सोडून द्यावा. म्हणजे आधीं तोटा ठरवावा, मग मर्यादा, आणि त्यांवरून माल. सामान्य मनुष्य याच्या नेमका उलट जातो.

शेंकडा एक हें भित्रेपणाचें माप वाटेल. परंतु लागोपाठ दहा अंदाज चुकणें अशक्य नाहीं. प्रत्येक वेळीं शिल्लक रकमेचा शेंकडा एक घालविणाऱ्यापाशीं दहा तोट्यांनंतर लाखांतले नव्वद हजारांहून अधिक उरतात. शेंकडा दहा घालविणाऱ्यापाशीं पस्तीस हजारहि उरत नाहींत. आणि ज्याचें निम्में भांडवल गेलें, त्याला मूळ पदावर येण्यासाठीं उरलेल्याची दामदुप्पट करावी लागते.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. ठरविलेल्या मर्यादेवर बाहेर पडतां येईलच, असें नाहीं. १५ जानेवारी २०१५ रोजीं स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेनें एका युरोस १.२० फ्रँक हा आपण राखलेला किमान भाव अकस्मात् सोडून दिला. कांहीं मिनिटांत युरो एका फ्रँकच्याहि खालीं गेला. मधल्या भावांना घेणारा कोणी नव्हता. कित्येकांचें भांडवल जाऊन वर कर्ज झालें आणि दलालांच्या पेढ्याहि बुडाल्या. दोर तुटूं शकतो, हें धरूनच होडींत वजन घालावें.

शिवाय कायद्याचें कुंपण आहे. रिझर्व्ह बँकेनें २०२४ सालीं स्पष्ट केलें, कीं रुपयाशीं निगडित असा वायदा करणाऱ्यापाशीं परकीय चलनाचें खरें देणें-घेणें असलें पाहिजे. परवानगी नसलेल्या चलनव्यवहारांच्या मंडळ्यांची सावधगिरीची यादीहि तिनें २०२२ पासून प्रसिद्ध केली आहे. परंतु यादींत नांव नाहीं, म्हणजे मंडळी अधिकृत आहे, असें समजूं नये. ज्याचा मुलगा जहाजावर आहे आणि ज्याच्या घरीं डॉलर येणार आहेत, किंवा जो कोळंबी परदेशीं पाठवितो, त्याला वायदा उपयोगी आहे. मात्र येणें दोन हजार डॉलर असतां पांच हजारांचा वायदा केला, तर दोन हजारांपुरतें तें संरक्षण आणि उरलेल्या तीन हजारांपुरता तो जुगार होय.

श्रोतेहो, भाव उद्यां कोठें जाईल हें कोणालाच ठाऊक नसतें. आपण किती गमावूं शकतों, हें मात्र ज्याचें त्याला आजच मोजतां येतें. घर, होडी, बायकोचे दागिने आणि मुलांची फी या गोष्टी त्या मोजणींत कधींहि धरूं नयेत. जाळें फाटलें, तर शिवतां येतें. होडीच गेली, तर समुद्र कितीहि भरलेला असो, किनाऱ्यावर बसून तो पाहणें एवढेंच हातीं राहतें.