मांजरांचे फोटो आणि रंगरेजाचा रंग

व्यापारी बांधवांनो, कापडाचा रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नये, दारात आणून उजेडात पाहावा, हे आपल्या धंद्यातले पहिले शिक्षण. जुन्या फोटोवाल्यांचा धंदाही अशाच उजेडाच्या पारखीवर चालत असे.

इंग्लंडमध्ये समुद्रकाठच्या ब्रायटन शहरात हॅरी पॉइंटर (१८२२–१८८९) नावाचे फोटोग्राफर होते. १८७० नंतर त्यांनी मांजरांचे फोटो काढायला सुरुवात केली. आधी दूध पिणारी, टोपलीत झोपलेली मांजरे. मग गमतीदार बैठका आणि त्यावर नववर्षाची मुबारकबाद. लहान पुठ्ठ्यावर चिकटवलेला हा माल चांगला खपला. १८८४ पर्यंत असे सुमारे २०० फोटो झाले होते.

काम सोपे नव्हते. त्या काळी स्टुडिओत काचेच्या छपरातून येणारा उजेड पडद्यांनी कमीजास्त करीत. काचेची प्लेट ओली असतानाच वापरावी लागे. फोटोला काही सेकंद लागत. तेवढ्यात मांजर हलले की प्लेट वाया. पांढऱ्या मांजरावर उजेड जास्त पडला तर नुसता चुना दिसे, काळ्यावर कमी पडला तर कोळसा. उजेड बाजूने घेतला की केस न् केस उठून येई. मखमलीची लव तिरप्या उजेडात कळते, तसेच हे.

मोठी अडचण रंगाची. त्या प्लेटला निळा-जांभळा उजेड दिसे. पिवळा आणि लाल जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबूस मांजर काळपट उमटे. निळे कापड पांढरे आणि लाल कापड काळे होई.

यावर इलाज सापडला तो रंगातच. १८७३ साली बर्लिनच्या हेरमान फोगेल यांना आढळले की, प्लेटच्या मसाल्यात योग्य रंगद्रव्य मिसळले तर ते ज्या रंगाचा उजेड शोषते, तो उजेड प्लेटलाही दिसू लागतो. पुढे इओसिनसारख्या, कापड रंगवायच्या रंगांनी हिरवा-पिवळा साधला. सगळे रंग पाहणाऱ्या प्लेटा १९०६ मध्ये लंडनच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने बाजारात आणल्या. कारखानदारांनी कापडासाठी बनवलेल्या रंगाने फोटोला डोळे दिले!

आज आपण नमुने मोबाइलवर पाठवतो. मरून लाल दिसतो, माल परत येतो आणि भाडे आपल्या अंगावर पडते. म्हणून फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून काढा. आणि सौदा पक्का करण्याआधी कापडाचा तुकडा गिऱ्हाइकाच्या हाती पोहोचवा. फोटो कितीही सुधारला तरी शेवटचा निकाल डोळ्यांचाच.