‘आझाद’ व्हिसा किती आझाद?

“आझाद व्हिसा आहे. तिकडं कुणाच्या हाताखाली राहायचं नाही. मिळेल तिथं काम करायचं, हवं तेवढं कमवायचं.”

नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर या भागात आखाती देशांत जाण्याचा विषय निघाला की असे काहीतरी कानावर येते. निजामाच्या काळात उर्दूत चाललेला कारभार पाहिलेल्या आपल्या भागाला ‘आझाद’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. म्हणूनच हा व्हिसा विकणाऱ्याला फार बोलावे लागत नाही. शेजारच्या निजामाबाद, करीमनगरकडची माणसे वर्षानुवर्षे आखातात जात आली आहेत. त्यांच्या गावातली पक्की घरे आपल्यालाही दिसतात. मग कुणी जमीन गहाण टाकतो, कुणी बायकोचे दागिने मोडतो आणि पैसे भरतो. पण या पैशांत नेमके काय विकत घेतले, हे बहुतेकांना तिकडे पोचल्यावरच कळते.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. परदेशी काम करायला तीन वेगवेगळ्या परवानग्या लागतात. पहिली त्या देशात शिरण्याची, दुसरी तिथे राहण्याची आणि तिसरी तिथे काम करण्याची. आपण या तिन्हींना मिळून ‘व्हिसा’ म्हणतो. आखाती देशांत या तिन्ही परवानग्या परंपरेने एकाच खुंटीला टांगलेल्या असतात. ती खुंटी म्हणजे मालक, तिकडच्या भाषेत कफील. तो कामगाराला बोलावतो, त्याच्याच नावावर कामगाराची राहण्याची नोंद होते आणि त्याच्याकडेच काम करण्याची मुभा असते. अलीकडच्या वर्षांत काही देशांनी हे नियम सैल केले आहेत. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून काही अटींवर मालक बदलण्याची सोय केली. पण मालक बदलता येणे वेगळे आणि मालकच नसणे वेगळे.

मग आझाद व्हिसा येतो कुठून? एखाद्या स्थानिक माणसाच्या नावावर दुकान, कंपनी किंवा घरकामाची गरज दाखवलेली असते. त्या बळावर त्याला परदेशी कामगार आणण्याची परवानगी मिळते. त्याला कामगार नकोच असतो. तो ती परवानगी विकतो. ती एका दलालाकडून दुसऱ्याकडे जात आपल्या तालुक्यापर्यंत येते आणि प्रत्येक टप्प्यावर तिची किंमत वाढते. कागदावर हा व्हिसा कुणाच्या तरी ड्रायव्हरचा किंवा दुकानातल्या नोकराचा असतो. म्हणजे ‘आझाद व्हिसा’ नावाचा व्हिसा कोणतेच सरकार देत नाही. ते बाजारातले नाव आहे.

समजा, मुखेड तालुक्यातला एक प्लंबर असा व्हिसा घेऊन गेला. कागदावर तो एका घरचा ड्रायव्हर. प्रत्यक्षात तो रोज वेगवेगळ्या ठेकेदारांकडे पाइप जोडतो. कफिलाने काम दिलेले नाही. पण राहण्याच्या परवान्याचे नूतनीकरण त्याच्याच हातात, म्हणून त्याला दरवर्षी पैसे द्यायचे. एखाद्या ठेकेदाराने दोन महिन्यांची मजुरी बुडवली, तर तक्रार कशाच्या आधारावर करणार? त्याच्याशी करार नाही. उलट तिथे काम करणे हाच याचा गुन्हा. शिडीवरून पडून पाय मोडला, तर भरपाई कुणाकडे मागायची? कागदावरचा मालक म्हणेल, मी याला काम दिलेच नव्हते. आणि कफिलाशी बिनसले, त्याने ‘हा पळून गेला’ अशी नोंद केली, की एका दिवसात माणूस बेकायदा ठरतो. गावाकडे मात्र सावकाराचे व्याज चालूच असते.

हा धोका कल्पनेतला नाही. सौदी अरेबियाने २०११ मध्ये ‘निताकत’ नावाची योजना आणली. कंपन्यांनी ठरावीक प्रमाणात स्थानिक लोकांना नोकरी दिलीच पाहिजे, असा तिचा आग्रह होता. तिच्याबरोबर कागदावर एक मालक आणि काम दुसरीकडे, अशा कामगारांची तपासणी कडक झाली. २०१३ मध्ये कागद नीट करा किंवा दंडाशिवाय परत जा, अशी मुदत देण्यात आली. ३ नोव्हेंबर २०१३ रोजी ती संपली. तोवर लाखाहून अधिक भारतीय सौदी सोडून परतले होते. आझाद व्हिसावर गेलेल्यांना त्या वेळी पहिल्यांदा कळले की आपण कुणाच्याच हिशेबात नव्हतो.

मग मालकाशिवाय, स्वतःच्या हिमतीवर परदेशी काम करण्याचा कायदेशीर मार्ग नाहीच का? आहे. पण त्याचे दार अरुंद आहे.

बहारीनने २०१७ मध्ये ‘फ्लेक्सी परमिट’ सुरू केले. त्यात साधा कामगारही सरकारकडे शुल्क भरून मालकाशिवाय राहू आणि काम करू शकत होता. पण ते आधीपासून बहारीनमध्ये असलेल्या आणि परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या कामगारांसाठी होते, इथून नव्याने जाणाऱ्यांसाठी नव्हते. २०२२ मध्ये ते बंद करून दुसरी नोंदणी पद्धत आणली गेली.

संयुक्त अरब अमिरातीने ऑक्टोबर २०२२ पासून पाच वर्षांचा ‘ग्रीन व्हिसा’ सुरू केला. त्यात स्वतंत्र व्यावसायिकांना, म्हणजे फ्रीलान्सरना, जागा आहे. त्यासाठी तिथल्या कामगार मंत्रालयाचा फ्रीलान्स परवाना हवा आणि पदवी किंवा विशेष पदविका हवी. शिवाय मागील दोन वर्षांत स्वतंत्र कामातून ३ लाख ६० हजार दिरहॅम मिळवल्याचा, किंवा तिथे राहण्याचा खर्च पेलता येईल याचा पुरावा हवा. ही रक्कम रुपयांत पाऊण कोटीहून जास्त होते.

जर्मनीतही अनुवादक, अभियंते, कलावंत यांच्यासारख्या व्यवसायांना स्वतंत्र कामासाठी राहण्याची परवानगी मिळते. तिथे आरोग्य विमा आणि खर्चाचा आराखडा मागतात. काम देऊ इच्छिणाऱ्यांची पत्रे जोडली तर अर्जाला बळ येते. पंचेचाळिशी ओलांडली असेल, तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. परवानगी अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर मिळते आणि ती सरकार देते. व्हिसा कितपत आझाद आहे, हे ओळखण्याची खूण हीच. कागदावर दुसऱ्याचे नाव मालक म्हणून असेल, तर तो आझाद नाही.

आपल्याकडेही १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. सरकारकडे नोंदणी केलेल्या एजंटालाच परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवता येतात. त्याने कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घ्यायचे असते. गावोगाव फिरणाऱ्या मधल्या माणसाला, म्हणजे सबएजंटाला, कायद्यात स्थानच नाही. दहावीपर्यंत न शिकलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ असा शेरा असतो. त्यांना आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि हैदराबादलाही आहेत. तिथे करार तपासला जातो. ‘प्रवासी भारतीय बिमा योजने’चा दहा लाखांचा विमाही त्यांना सक्तीचा आहे. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आहे.

इथेच आपल्या शिकलेल्या मुलांची फसगत होते. दहावी, आयटीआय झालेल्या लातूर-नांदेडच्या मुलाच्या पासपोर्टवर तो शेरा नसतो. त्याला मंजुरी लागत नाही, याचा त्याला आनंद होतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की त्याचे कागद कुणीच तपासलेले नसतात. ती तपासणी त्याची त्यालाच करावी लागते.

ती अवघड नाही. पैसे देण्याआधी व्हिसाची प्रत मागा. त्यावरचे मालकाचे नाव आणि कामाचा प्रकार जाणकाराकडून वाचून घ्या. पगार, काम आणि मुदत लिहिलेला करार हातात घ्या आणि दोन्ही कागदांवर मालकाचे नाव एकच आहे का, ते पाहा. एजंटाचा नोंदणी क्रमांक केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर ताडून पाहा. प्रत्येक रुपयाची पावती घ्या. ‘आता टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून देऊ’ असे कुणी म्हणाले, तर तिथेच थांबा. सगळ्या कागदांची एक प्रत घरी ठेवा. शंका असेल तर १८००-११-३०९० या सरकारी क्रमांकावर फुकट चौकशी करता येते.

आपल्या मुलांनी बाहेर जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. जरूर जावे. मालकाच्या नावाने जायचे असेल, तर तो मालक खरोखर काम देणारा असावा. स्वतःच्या नावाने जायचे असेल, तर तेवढे शिक्षण आणि कमाई आधी इथे उभी करावी. या दोन्हींच्या मधला ‘आझाद’ रस्ता दलाल दाखवतो, पण त्यावर चालताना पडलेल्याला उचलायला कुणी येत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)