गंधज्ञानाचा ऱ्हास : उपचार, संशोधन आणि आपली जबाबदारी

कान-नाक-घसा विभागाचे नाव घेताच कमी ऐकू येणे, कान वाहणे, सायनसचा त्रास, टॉन्सिलची शस्त्रक्रिया हे विषय आपणांसमोर उभे राहतात. वास न येणे ही तक्रार या यादीत सहसा येत नाही. ज्यास ऐकू येत नाही, त्याची अडचण घरातील इतरांच्या चटकन लक्षात येते. ज्यास वास येत नाही, त्याची अडचण त्याने स्वतः सांगितल्याखेरीज कोणासही कळत नाही आणि सांगितली तरी ती गांभीर्याने घेतली जातेच असे नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ प्रकारांत श्रवणदोषाचा समावेश आहे, गंधहानीचा नाही. त्यामुळे या रुग्णास प्रमाणपत्र नाही, सवलत नाही आणि बहुधा सहानुभूतीही नाही.

कोविड-१९ च्या साथीत हे चित्र काहीसे बदलले. १३ जून २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास व चव जाणे या लक्षणांचा कोविडच्या लक्षणांत समावेश केला आणि हा विषय घरोघरी पोहोचला. साथ ओसरली, तरी ज्यांचे गंधज्ञान परत आले नाही असे रुग्ण मागे राहिले. या विषयात जगभर कोणते संशोधन झाले, त्यातून रुग्णास काय मिळाले आणि रुग्णालय म्हणून आपण काय करावयास हवे, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. लेखक वैद्यकीय व्यावसायिक नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. विभागातील डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून दिलेल्या बाबी सर्वसामान्य वाचकांस कळतील अशा शब्दांत मांडणे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

वास कसा समजतो

नाकाच्या पोकळीत अगदी वर, छताशी, काही चौरस सेंटिमीटरांचा एक नाजूक पापुद्रा असतो. त्यातील गंधपेशी हवेतून आलेले गंधकण टिपतात. त्यांचे सूक्ष्म तंतू चाळणीसारख्या छिद्रे असलेल्या एका पातळ हाडातून वर जाऊन थेट मेंदूच्या गंधकंदास मिळतात. रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये गंध ओळखणाऱ्या ग्राहकांच्या जनुकांचे मोठे कुल शोधून काढले. या कार्याबद्दल त्यांना २००४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात असे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक कार्यरत असतात आणि त्यांच्या निरनिराळ्या जुळणीतून आपण असंख्य वास ओळखतो.

या पेशींचे एक वैशिष्ट्य उपचारांच्या दृष्टीने मोलाचे आहे. शरीरातील बहुतेक चेतापेशी एकदा नष्ट झाल्या की नव्याने तयार होत नाहीत. गंधपेशी मात्र तळाच्या मूलपेशींपासून आयुष्यभर पुन्हा निर्माण होत राहतात. गंधहानीच्या रुग्णास आशा बाळगण्यास जागा आहे ती यामुळेच.

येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. अनेक रुग्ण 'तोंडाची चव गेली' अशी तक्रार घेऊन येतात. जिभेस गोड, खारट, आंबट, कडू आणि मांसरसासारखी उमामी एवढ्याच चवी कळतात. फोडणीचा खमंगपणा, वेलदोड्याचा स्वाद, आंब्याची जात या सर्व गोष्टी घास चावताना घशाच्या बाजूने नाकात पोहोचणाऱ्या गंधामुळे समजतात. आमटीत मीठ कमी आहे हे ज्यास कळते, पण ती आमटी आहे की सांबार हे सांगता येत नाही, त्याची जीभ बहुधा शाबूत असते. गेलेले असते ते गंधज्ञान.

तक्रार एक, कारणे अनेक

वास न येण्याची कारणे भिन्न आहेत आणि उपचार कारणावर अवलंबून असतो. जुनाट सायनसदाह व नाकातील मांसल कोंब, ज्यास आपल्याकडे 'नाकात मांस वाढणे' म्हणतात, यांमुळे हवा गंधपेशींपर्यंत पोहोचतच नाही, शिवाय सुजेमुळे त्या पेशींच्या कामातही अडथळा येतो. विषाणुजन्य सर्दीने पापुद्र्यास इजा होते. कोविडच्या बाबतीत विषाणू मुख्यतः गंधपेशींना नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना ग्रासतो, असे २०२० मधील संशोधनातून दिसून आले. दुचाकीच्या अपघातात डोक्यास मार बसल्यास चाळणीच्या हाडातून जाणारे तंतू तुटतात. हेल्मेटच्या अनेक उपयोगांपैकी हा एक अपरिचित उपयोग होय. वाढत्या वयात गंधज्ञान मंदावते. पार्किन्सनच्या आजारात ते इतर लक्षणांच्या कित्येक वर्षे आधीही कमी होऊ शकते. अर्थात वास कमी येणाऱ्या प्रत्येकास हा आजार होतो असे मुळीच नाही.

म्हणूनच प्रथम तपासणी, नंतर उपचार, हा क्रम आवश्यक ठरतो. दुर्बिणीतून नाकाची तपासणी केल्यावर अडथळा आहे की नाही हे कळते. गंधज्ञान मोजण्यासाठी अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात रिचर्ड डॉटी यांनी १९८४ मध्ये ४० वासांची चाचणी प्रसिद्ध केली. कागद खरवडून वास घ्यावयाचा आणि दिलेल्या चार पर्यायांतून तो ओळखावयाचा, अशी तिची पद्धत आहे. मात्र मूळ चाचणीत 'रूट बिअर' आणि 'पम्पकिन पाय' यांसारखे वास आहेत. ज्याने हे पदार्थ कधी चाखलेच नाहीत, त्यास ते ओळखता आले नाहीत तर दोष नाकाचा नव्हे, चाचणीचा. त्यामुळे निरनिराळ्या देशांत या चाचणीचे स्थानिक अवतार करावे लागले.

घरगुती चाचणीतही एक फसगत होते. 'बाम लावला की झोंबतो, म्हणजे वास येतो', असे नातेवाईक सांगतात. बाम, कापूर, अमोनिया यांची झोंब किंवा थंडावा चेहऱ्याच्या संवेदना वाहणारी वेगळी चेता मेंदूस कळविते. गंध पूर्ण गेलेल्या माणसासही ती जाणवते. रुग्ण खोटे बोलत आहे असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.

चार वासांचा अभ्यास

गंधहानीवरील संशोधनात सर्वांत उपयुक्त ठरलेला उपाय आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ५६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४० जणांनी गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ लक्षपूर्वक हुंगले. उरलेल्या १६ जणांनी हुंगले नाहीत. १२ आठवड्यांनंतर अभ्यास करणाऱ्या गटाच्या गंधज्ञानात सुधारणा आढळली. २०१४ मध्ये जर्मनीतील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात तीव्र वासांचा परिणाम सौम्य वासांपेक्षा अधिक दिसला, विशेषतः ज्यांचा विकार एक वर्षाच्या आतील होता त्यांच्यात. त्यानंतरच्या अभ्यासांत कालावधी वाढविल्याने आणि ठरावीक काळाने वास बदलल्याने अधिक लाभ झाल्याचे आढळले.

या उपायाने सर्व रुग्ण बरे होतात असे नाही. काहींना पूर्ण, काहींना अंशतः आणि काहींना मुळीच लाभ होत नाही. डोक्याच्या दुखापतीनंतर यश तुलनेने कमी येते. परंतु हा उपाय निर्धोक आहे, स्वस्त आहे आणि त्यास लागणारे पदार्थ आपल्या घरात आहेत. आवश्यकता असते ती चिकाटीची. बारा आठवडे दिवसातून दोन वेळा काहीच वास न येणारी बाटली नाकाशी धरणे कंटाळवाणे आहे, आणि बहुतेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोडून देण्याच्या बेतात येतात. नेमक्या याच वेळी त्यांच्याशी कोणीतरी बोलणे आवश्यक असते.

खानावळ चालविणाऱ्या एका भगिनीची हकिगत येथे सांगण्यासारखी आहे. तापानंतर त्यांचे गंधज्ञान गेले. फोडणी करपल्याचे त्यांना कळेना, उरलेली भाजी विटली की नाही ते समजेना. गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाढल्या आणि घरच्यांस वाटले की त्यांचे कामात लक्ष नाही. अनेक महिन्यांच्या अभ्यासानंतर त्यांना लवंग आणि कांदा ओळखता येऊ लागला. गुलाब अद्याप कळत नाही. मात्र विकारास नाव मिळाल्यावर घरातील दोषारोप थांबले आणि फोडणीपाशी त्यांची सून उभी राहू लागली. उपचाराच्या या दुसऱ्या फलिताची नोंद कोणत्याही चाचणीत होत नाही.

नफा कोणाच्या खाती

हिशेबाच्या व्यवसायात एक नियम आहे : जो नफा तसाही होणारच होता, तो नव्या गुंतवणुकीच्या खाती दाखवू नये. वैद्यकीय संशोधनातही हाच नियम लागू पडतो. २०२२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कोविडनंतरच्या गंधहानीच्या १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे ७४ टक्के रुग्णांचे गंधज्ञान ३० दिवसांत आणि सुमारे ९६ टक्के रुग्णांचे १८० दिवसांत परत आले. म्हणजे पहिल्या महिन्यात कोणतेही औषध दिले असते, तरी बहुतेकांना गुण आलाच असता आणि श्रेय त्या औषधास मिळाले असते.

हे टाळण्यासाठी तुलनेचा गट लागतो. नेदरलँड्समध्ये कोविडनंतर वास न येणाऱ्या ११५ रुग्णांपैकी काहींना १० दिवस रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. गंधाचा अभ्यास सर्वांनीच केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांत फरक आढळला नाही. आपल्या दृष्टीने या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती कुटुंबे उद्ध्वस्त केली, हे आपण पाहिले आहे. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अनाठायी वापर ही त्यामागील प्रमुख कारणे होती. ज्या गोळीने लाभ होत नाही आणि रक्तातील साखर वाढते, ती डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. नाकात घालावयाच्या कोणत्याही औषधाबाबतही सावधगिरी हवी. जस्तयुक्त अशा काही उत्पादनांमुळे गंधज्ञान गेल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये ती वापरू नयेत असा इशारा दिला होता.

नाकातील कोंबांच्या बाबतीत मात्र चित्र निराळे आहे. तेथे स्टेरॉइडचे फवारे आणि दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया यांनी अनेकांचे गंधज्ञान सुधारते. तीव्र व वारंवार उद्भवणाऱ्या कोंबांसाठी डुपिलुमॅब या इंजेक्शनास २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. चाचण्यांत कोंब लहान झाले आणि वासही सुधारला, परंतु औषध बंद केल्यावर लाभ ओसरू लागला. शिवाय हा उपचार महाग आहे.

गंधपेशी पुन्हा का उगवत नाहीत, याचाही शोध सुरू आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की, कोविडनंतर दीर्घकाळ वास न येणाऱ्यांच्या पापुद्र्यात रोगप्रतिकारक पेशींची धुमश्चक्री चालूच राहते आणि गंधपेशी कमी झालेल्या असतात. रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेटयुक्त द्रव टोचण्याचे लहान प्रयोग झाले आहेत. मोठ्या चाचण्यांच्या आधारावाचून त्यास सिद्ध उपचार म्हणता येत नाही. कानातील कॉक्लियर इम्प्लांटच्या धर्तीवर गंधासाठी विद्युत् उपकरण तयार करण्याचे प्रयत्नही व्हर्जिनियात चालू आहेत.

नातेवाईकांस विनंती

घरात कोणास वास येत नसेल, तर पुढील गोष्टी आवर्जून कराव्यात. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळलेले असते. ज्यास तो वास येत नाही, त्याच्यासाठी ही व्यवस्था निरुपयोगी ठरते. म्हणून गॅसगळतीची सूचना देणारे उपकरण बसवावे आणि अशा व्यक्तीस, विशेषतः ज्येष्ठांस, स्वयंपाकघरात एकटे ठेवू नये. उरलेल्या अन्नावर तारीख लिहावी. जेवण बेचव लागते म्हणून मीठ व साखर वाढविण्याकडे कल होतो, तिकडे लक्ष द्यावे. निलगिरीचे तेल केवळ हुंगावे. नाकात घालू नये, पोटात घेऊ नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. तक्रार दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकल्यास किंवा एकाच नाकपुडीतून रक्त येत असल्यास तपासणी लांबणीवर टाकू नये.

देणगीदार व विश्वस्तांस निवेदन

यंत्रसामग्रीसाठी देणगी देणारे दाते आपल्या संस्थेस लाभले, हे संस्थेचे भाग्य आहे. त्यांच्या उदारतेमुळेच दुर्बिणीची तपासणी सामान्य रुग्णाच्या आवाक्यात येते. परंतु या लेखातील मुख्य उपचारास यंत्र लागत नाही. चार लहान बाटल्या, मराठीतील एक माहितीपत्रक, नोंदवही आणि दर आठवड्यास रुग्णास दूरध्वनी करून 'अभ्यास चालू आहे ना?' असे विचारणारी परिचारिका, एवढेच त्यास पुरते. अशा उपचारात कोणत्याही कंपनीस नफा नसतो, त्यामुळे त्याचा प्रचार कोणी करत नाही. आणि परिचारिकेच्या वेळेवर देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लावता येत नाही. धर्मादाय रुग्णालयाचे प्रयोजन जर कोठे असेल, तर ते येथेच आहे. बाजार जे करणार नाही आणि रुग्णास ज्याची गरज आहे, ते आपण करावयाचे.

म्हणून सर्वसाधारण निधीतील काही भाग रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी राखून ठेवण्याच्या प्रस्तावाचा विश्वस्त मंडळाने विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. त्याचा हिशेब खाटांच्या संख्येत दाखविता येणार नाही. बारा आठवडे अभ्यास पूर्ण करणाऱ्या रुग्णांची नोंद मात्र ठेवता येईल, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांचीही नोंद तितक्याच प्रामाणिकपणे अहवालात देता येईल.

— प्रशासक