एकाच कंपनीची विंडोज : सोय की अडचण?



संघाच्या ऑफिसातला कॉम्प्युटर चालू केला की आधी निळे चार चौकोन दिसतात, ती विंडोज. टॅली, प्रिंटर, कीबोर्ड, इंटरनेट या सगळ्यांची एकमेकांशी गाठ घालून देणं हे तिचं काम. कॉम्प्युटरमधली सीआरपी ताईच म्हणा! अशा सिस्टीम आणखीही आहेत, पण बहुतेक ऑफिसांत हीच, मायक्रोसॉफ्ट कंपनीची.

आता हा विषय काढायचं कारण. 14 ऑक्टोबर 2025 पासून कंपनीनं विंडोज 10 ची मोफत देखभाल बंद केली. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण चोरांना शिरायला नवी फट सापडली तर ती कंपनी बुजवून देणार नाही. आपल्या त्या डब्यात गटांची खाती आहेत, ताईंचे आधार नंबर आहेत, म्हणून काळजी. बरं, विंडोज 11 टाकावी तर तिला विशिष्ट सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. साधारण 2018 च्या आधीच्या बहुतेक मशीन त्यात बसत नाहीत. म्हणजे मशीन धडधाकट, आणि तरी खर्च आपल्या माथी.

आता यात कंपनीचा फक्त तोटाच आहे असं नाही हं. सगळीकडे एकच सिस्टीम असल्यामुळे आपल्या मुली एमएस-सीआयटीत जे शिकतात ते कुठल्याही ऑफिसात चालतं. बिघाड झाला तर तालुक्याच्या बाजारात दुरुस्त करणारा सापडतो. पूर्वी मराठी पत्र दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की फॉन्टअभावी नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसायची. युनिकोडची मराठी विंडोजमध्येच येऊ लागली आणि तो ताप बराच कमी झाला.

मग नुकसान कुठं? दुधाचं उदाहरण घ्या. गावात दूध घेणारी एकच डेअरी असेल, तर फॅट किती लागली हे तीच सांगणार, दर तीच ठरवणार. पटलं नाही तर दूध न्यायचं कुठं?

अमेरिकेत यावरून मोठा खटला झाला. 1998 मध्ये तिथल्या सरकारनं आणि अनेक राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर तक्रार केली. इंटरनेट बघायला तेव्हा नेटस्केप नावाचा प्रोग्राम लोकप्रिय होता. मायक्रोसॉफ्टनं आपला तसाच प्रोग्राम विंडोजबरोबर फुकट दिला, आणि कॉम्प्युटर बनवणाऱ्यांना तो काढून टाकायची मोकळीक ठेवली नाही. ग्राहकाला वाटलं, फुकट मिळालं, छान! पण समोरचं दुकान त्यामुळेच बसलं. 2000 साली न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करा म्हटलं. 2001 मध्ये वरच्या कोर्टानं तो आदेश रद्द केला, पण कंपनीनं आपली मक्तेदारी बेकायदा मार्गानं टिकवली हे मात्र मान्य केलं.

माझ्या मते एकच सिस्टीम सगळीकडे असण्यात वाईट काही नाही. तिच्यातून बाहेर पडायची वाटच नसली की मग गाडी अडते.

वाट आहे का? आहे. लिनक्स नावाची सिस्टीम फुकट मिळते, जुन्या मशीनवरही चालते. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये मुलं तिच्यावरच शिकतात. उबुंटू किंवा मिंट पेन ड्राइव्हवर टाकून, आतलं काही न पुसता, आधी चालवून बघता येतं. पत्रं, तक्ते, मराठी टायपिंग, ईमेल सगळं होतं. अडचण एवढीच की टॅली तिच्यावर सरळ चालत नाही, आणि बँक सखीचं अंगठ्याचं मशीन चालेल का हे बँकेलाच विचारावं लागेल.

विंडोज 10 ची वाढीव देखभाल घरगुती कॉम्प्युटरला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत घेता येते. संस्थांना त्यासाठी पैसे मोजावे लागतात. "ताई, फुकटात नवी विंडोज टाकून देतो" असं दुकानदार म्हणाला तर बिल मागा. चोरीच्या कॉपीबरोबर बऱ्याचदा व्हायरसही येतो.

पुढच्या मासिक बैठकीत नवीन मशीनचा ठराव मांडण्याआधी आपल्या मशीनला विंडोज 11 चालते का ते तपासून घ्या. त्यासाठी कंपनीचाच "पीसी हेल्थ चेक" नावाचा मोफत प्रोग्राम आहे. आणि काहीही बदलण्याआधी टॅलीचा बॅकअप दोन वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या. एक सचिव ताईंकडे, एक कपाटात.