निकाल लागेपर्यंत मूल कुणाकडे?

"वकीलबाई, खटला चालायचा तेवढा चालू दे, पण तोवर पोर कुणाकडे?" माहेरी परत आलेल्या लेकीला घेऊन आलेले आईवडील मला हा प्रश्न हमखास विचारतात. कोल्हापूर, सावंतवाडी, गोव्याकडे दिलेल्या आपल्या मुली भांडण विकोपाला गेलं की लेकरासह बेळगावला येतात आणि मागोमाग नवऱ्याची नोटीस येते. मग भीती एकच, उद्या कोर्टानं मूल उचलून दिलं तर?

घटस्फोटाच्या दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली आणि नुसत्या ताब्याच्या अर्जात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १२ खाली न्यायाधीश तात्पुरता हुकूम देऊ शकतात. हा दुसरा अर्ज मूल नेहमी जिथं राहतं तिथल्या कोर्टात चालतो, त्यामुळे 'नेहमीचं घर कोणतं' यावरच आधी वाद रंगतो. घरात मारहाण असेल तर मी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची वाट सुचवते. बाई माहेरी तात्पुरती राहत असली तरी इथल्याच मॅजिस्ट्रेटकडे अर्ज चालतो, सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत द्यावी, असं कायदा म्हणतो. (कोर्टांवरचा बोजा पाहता तसं घडतंच असं नाही.) कलम २१ तर स्पष्ट सांगतं की वडिलांच्या भेटीनं मुलाचं नुकसान होईल असं वाटलं, तर मॅजिस्ट्रेटनं ती भेट नाकारायची.

आता धोका ठरवायचा कसा? या टप्प्यावर साक्षीपुरावे झालेले नसतात. खरं कोण, खोटं कोण हे न्यायाधीशांना ठाऊक नसतं. पण गुन्हा शाबित होईपर्यंत थांबलंच पाहिजे, असंही नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पश्चिम बंगालमधलं एक प्रकरण आलं. आई वारलेली, वडिलांवर हुंडाबळीचा खटला चालू आणि मूल आजी-आजोबांकडे. खालच्या कोर्टांनी ताबा वडिलांना दिला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. खटला प्रलंबित आहे एवढ्यानं तो बाजूला सारता येत नाही, आणि मुलाची इच्छाही विचारात घ्यायला हवी, असं त्यात म्हटलं आहे.

म्हणून मी बायकांना सांगते, 'तो राक्षस आहे' असं लिहू नका. कोणत्या तारखेला काय झालं, तेव्हा मूल कुठं होतं, दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलंय, शाळेतल्या बाईंना काय दिसलं, ते लिहा. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या कायद्याची कडक चौकट नाही, उपयोगी वाटेल तो अहवाल ते बघू शकतं. मराठी कागदांचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर मात्र आधीच करून ठेवा, त्यात तारखा वाया जातात. फुगवलेला एक आरोप उघडा पडला की खरे चारही दुबळे होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि धोका आईकडूनही असू शकतो. पाच वर्षांखालचं मूल 'साधारणतः' आईकडे, असा कायद्याचा शब्द आहे. 'नेहमीच' असा नाही.

हुकूम बहुधा अधलामधला असतो. ताबा एकाकडे, दुसऱ्याला समुपदेशकाच्या देखरेखीखाली कोर्टातल्याच खोलीत भेट. किंवा फक्त दिवसा, मुक्काम नाही. किंवा व्हिडिओ कॉल. परदेशाचा प्रश्न असेल तर पासपोर्ट कोर्टात जमा. परिस्थिती बदलली की हुकूमही बदलून मागता येतो. पण खरं सांगायचं तर वर्ष-दीड वर्षात मुलाची शाळा, मित्र, सवयी तिथंच रुजतात आणि मग अंतिम निकालातही त्यांचं वजन पडतं. 'तात्पुरताच आहे' म्हणून पहिल्या तारखेला रिकाम्या हातानं उभं राहणं परवडत नाही.

हुकूम मिळाला की त्याची सहीशिक्क्याची प्रत त्याच दिवशी शाळेच्या मुख्याध्यापकांना नेऊन द्या. सुट्टीच्या वेळी मूल कुणाच्या हाती सोडायचं, हे फाटकावरच्या शिपायालाही ठाऊक असायला हवं.